शेवटच्या पाच मिनिटांचा माणूस

"तोंडापुढं तळहात धरायचा, वीतभर अंतरावर," खोत सर मला सांगत होते. "गरम वाफ लागत राहिली म्हणजे दम चालू आहे. गार वारं लागलं की समजायचं, गड्यानं श्वास आत ओढला. तिथंच थांबवायचं. मग तो कितीही मोठ्यानं कबड्डी-कबड्डी करू दे."

"पण मीच कशाला? तुम्ही धरा की."

"मी धरला तर लबाडी करीन. माझा गडी आहे तो."

लुणावत शेठ मोठ्यानं हसले. रिकाम्या हॉलमध्ये ते हसू पत्र्याला लागून परत आलं.

अंतिम सामना होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. आमच्या संघानं पहिल्यांदाच लीग जिंकली होती आणि पुण्यातल्या आमच्या सरावाच्या हॉलमध्ये झेंडूच्या माळा अजून सुकून लटकत होत्या. लुणावत शेठ संघाचे मालक. धंदा इमारती बांधण्याचा. कबड्डीचा नाद अलीकडचा, पण लागला तो कडकडून. खोत सर प्रशिक्षक, सांगलीकडचे, एका बँकेच्या संघातून खेळून निवृत्त झालेले. मी संघाची फिजिओथेरपिस्ट, तेव्हा सातव्या महिन्यात. आणि ज्याचा दम बघायचा होता तो धनाजी होडगे मॅटच्या कडेला बसून बुटाची नाडी बांधत होता, जणू बोलणं दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

लिलावाआधी प्रत्येक संघाला आपला एक खेळाडू ठरलेल्या रकमेच्या कितीतरी वर जाऊन राखून ठेवता येत असे. शेठना धनाजी हवा होता. तीन वर्षांसाठी. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून खोत सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला होता.

कारण धनाजी आख्खा सामना खेळायचाच नाही. बत्तीस-तेहेतीसचा, कोल्हापूरकडचा, कपाळावर जुन्या जखमेची पांढरी रेघ. हंगामभर तो बाकावर बसायचा आणि शेवटची पाच मिनिटं उरली की सर त्याच्या पाठीवर थाप मारायचे. आत जायचा, मध्यरेषा ओलांडायचा, समोरचे सात जण अजून साखळी धरतायत तोवर कुणाच्या तरी बोटाला बोट लावून परत. बस. समालोचक त्याला 'छोटी चढाई' म्हणायला लागले होते. उपांत्य सामन्यात त्यानं हरलेला डाव असाच ओढून आणला. अंतिम सामन्यात बरोबरी असताना शेवटची चढाई त्याची होती. तोही गुण त्यानं आणला, आणि आणल्यावर उड्या मारणाऱ्या पोरांच्या गर्दीतून बाहेर येऊन, गुडघ्यांवर हात टेकून, एकटाच वाकून उभा राहिला होता. त्याचा तो फोटो सगळीकडे लागला. खाली लिहिलेलं असायचं : विजयातही नम्र.

"बाकीचे गडी अर्धा मिनिट नाचतात," शेठ म्हणायचे, "हा एका फुंकरीत काम करतो. याला म्हणतात काळजाचा माणूस."

करार शेठनी जवळजवळ केलाच होता. एकच अट राहिली होती, खेळाडू तंदुरुस्त असल्याचं मी सांगायचं. आणि त्या दिवशी गप्पांच्या ओघात खोत सर बोलून गेले की त्यांच्या तरुणपणी मंडळात नवा गडी घ्यायचा तर त्याला एका दमात मैदानाच्या कडेकडेनं चालायला लावत. पूर्ण फेरी मारली तर गडी पक्का. शेठना ते भारीच आवडलं. "करूया की! मी शूटिंग करतो. कराराची बातमी द्यायला यापेक्षा झकास काय असणार?"

तर असा मी तळहात धरला.

"म्याडम," धनाजी उठत म्हणाला, "तुमास्नी माझ्यासंगं चालायला लागंल. जमंल न्हवं?"

"तू चाल. मी येते."

"हळू चालू. गडबड न्हाई."

त्यानं खोल श्वास घेतला आणि सुरू केलं. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. सामन्यांत ढोल, शिट्ट्या, कर्णे यांत त्याचा आवाज मी कधी नीट ऐकलाच नव्हता. या रिकाम्या हॉलमध्ये तो देवळातल्या पुटपुटण्यासारखा वाटला. पहिली बाजू आम्ही आरामात चाललो. माझ्या तळव्यावर उबदार वाफ लागत होती, बारीक, एकसारखी. एवढी जवळीक मला जराशी अवघडवाणी वाटली. कुणाच्या श्वासाला असा हात लावायची वेळ माणसावर फारशी येत नाही. पोटामुळे मी बदकासारखी चालत होते आणि तो माझ्या चालीनं चाल ठेवत होता. घाई केली असती तर त्याचंच भलं होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

पहिला कोपरा वळलो आणि तळहाताला गार लागलं.

अगदी निमिषभर. वाफेतून एक धागा उलटा ओढला जावा तसं. शब्द तुटला नव्हता, आवाज उतरला नव्हता. 'क' म्हणताना त्यानं कुठून तरी हवा आत घेतली होती. मी त्याच्याकडे पाहिलं. तो समोर बघत होता. चार पावलांवर पुन्हा गार. मग पुन्हा. दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ते गार ओढणं इतकं जवळजवळ येऊ लागलं की तळव्यावर ऊब टिकेना. आणि त्या आत ओढण्यात एक बारीक शिट्टी होती, सुकलेल्या बांबूतून वारं जावं तशी.

थांबवायचं, असं सर म्हणाले होते. मी हात तसाच धरून चालत राहिले.

तिसरी बाजू. चौथी. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, पण आवाज खणखणीत. सुरुवातीच्या जागी आलो तेव्हा शेठनी फोन एका हातात धरून मांडीवर थाप मारली. "वा रे पठ्ठे! अजून एक फेरी मारेल हा!"

"मारंल की," खोत सर म्हणाले. ते माझ्या हाताकडे बघत होते.

धनाजी हसला, वाकला, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला. बांधलेलीच होती ती.

*

माझ्या खोलीत तो आला तेव्हा मी दार लावून घेतलं. एरवी आत आला की तपासणीच्या टेबलावर उडी मारून बसायचा आणि म्हणायचा, "बोला, आज कुठलं हाड मोडू?" त्या दिवशी स्टुलावर टेकला.

"किती वेळा?" मी विचारलं.

"काय किती वेळा?"

"धनाजी, माझा हात होता तिथं."

त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "पंचाला ढोलाच्या आवाजात काय बी ऐकू येत न्हाई. तुमचा हात मात्र लई वाईट बघा."

"हसण्यावारी नेऊ नकोस. कधीपासून?"

"दोन हंगाम. आधी वाटलं, वय झालं. मग जिना चढताना व्हायला लागलं. चढाई लांबली की डोळ्यापुढं काजवे चमकत्यात. मग म्हटलं, लांबवायचीच कशाला? जायचं, शिवायचं, पळायचं." त्यानं हात पसरले. "लोक म्हणाले, स्टाइल."

"आणि शेवटची पाच मिनिटं?"

"ती सरांनी दिली. कारण माझ्याकडं पाचच हुती, म्याडम. सरांस्नी एवढंच दिसलं, की गडी पाच मिनिटं वाघ असतोय अन् सहाव्याला शेळी. कशानं, ते त्यांनी इचारलं न्हाई. मी बी सांगितलं न्हाई."

"हंगाम नसतो तेव्हा तू काय करतोस?" या प्रश्नावर त्यानं आधी आपल्या बोटांकडे पाहिलं. लीगमधून त्याला मिळायचं ते आजवर बेताचंच. वर्षातले सात-आठ महिने तो कोल्हापूरजवळ एका फौंड्रीत जायचा, अगदी मिसरूड फुटायच्या आधीपासून. ओतीव लोखंडी भाग साच्यातून निघाले की त्यांना चिकटलेली वाळू ग्राइंडरनं खरवडून काढायची. दिवसभर त्या धुरळ्यात. तोंडाला रुमाल.

"तिथला मालक कबड्डीचा येडा हाय," तो कौतुकानं म्हणाला. "सामना म्हटलं की सुट्टी. कवा पगार कापला न्हाई. दुसरीकडं कोण देतंय?"

माझी मैत्रीण अनघा छातीची डॉक्टर. दुसऱ्याच दिवशी मी त्याला तिच्याकडे नेलं, स्वतः गाडी चालवत. स्टिअरिंग पोटाला लागत होतं. "म्याडम, बाळ म्हणंल, ही बया कुठं घिऊन चालली मला," म्हणून तो वाटेत हसवत राहिला. त्याला एक मुलगी होती, नववीतली. ती घरात मांजरावर चढाई करते आणि मांजर तिला दर वेळी पकडतं, अशी त्याची तक्रार होती.

अनघानं त्याला एका नळीत फुंकायला लावलं, छातीचा फोटो काढला. तो उजेडापुढं धरून नीट पाहिला. दोन्ही फुप्फुसांत बारीक बारीक पांढरे ठिपके होते, कुणी मूठभर रवा भुरभुरावा तसे. मला काय विचारायचं ते तिला कळलं.

"हे मागे जात नाही," ती म्हणाली. लपवाछपवी तिला येत नाही, त्याच्यासमोरच बोलली. "धूळ आज बंद केली तरी हे हळूहळू वाढणारच. धूळ चालू ठेवली तर धावत वाढेल. औषधानं खोकला कमी होईल. एवढंच."

"आन् खेळ?" धनाजीनं विचारलं.

"चढाईत चार जण अंगावर पडतात ना तुमच्या?"

"सात बी पडत्यात."

"मग एखाद्या दिवशी त्यांच्याखालून तुम्ही उठणार नाही."

त्यानं मान हलवली, एखाद्यानं बसची वेळ सांगावी तशी. "थँक्यू डॉक्टर," म्हणाला, आणि उठताना खुर्ची जागच्या जागी सरकवून ठेवली.

बाहेर कँटीनपुढच्या बाकावर आम्ही बसलो. त्यानं माझ्यासाठी दूध आणलं, स्वतःला चहा. बराच वेळ चहा फुंकत राहिला. मी म्हणाले, "मी शेठना सांगते. करार गेला तरी संघात ठेवून घेतील. पोरांना चढाई शिकव. सरांनाही हवंच आहे कुणीतरी."

"इचारा. पर शेठ शिकवणाऱ्याला पैसं देत न्हाईत, जिंकणाऱ्याला देत्यात. त्यांचं बी बरोबर हाय." मग त्यानं कप खाली ठेवला. "म्याडम, एक मागू का? न्हाई म्हणू नका."

"माग."

"गुडघा सांगा."

मला कळेना.

"शेठला सांगा, गुडघा गेला. छातीचं नाव काढू नका. कुणालाच सांगू नका. सरांस्नी बी."

"पण का? खरं सांगितलं तर निदान फौंड्रीकडून काही भरपाई... तिथंच झालंय हे!"

"मी ठेकेदाराचा माणूस. कंपनी म्हणंल, कोण हा?" तो अगदी समजुतीनं बोलत होता, मलाच धीर द्यावा तसा. "आता तिथं बी दर वर्षी छातीचा फोटो काढत्यात. ज्याच्या फोटोत डाग, त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर थांबवत्यात. आमचा वरसाचा फोटो असला की मी सामन्याला असतो, म्हणून निभलंय. पेपरात आलं की धनाजी होडगेची छाती गेली, तर संपलं. गुडघा गेलेला माणूस बसून ग्राइंडर मारू शकतोय. छाती गेलेल्याला कुणी गेटातनं आत घेत न्हाई."

"तू परत तिथं जाणार?"

"मग कुठं जाऊ?"

मला राग आला. आज वाटतं तो त्याच्यावर नव्हताच. "रखवालदारी कर, रिक्षा चालव, काहीही कर. आत्ता ऐकलंस ना ती काय म्हणाली?"

"ऐकलं की. ती म्हणाली, धूळ बंद केली तरी बी वाढणार. मग हळूहळू उपाशी कशाला?" आणि लगेच, मी रडायच्या बेतात आहे हे बघून, "अवो, असं करू नका. बाळ ढवळून निघंल."

पोटात खरंच लाथ बसली होती. मी हात तिथं ठेवला. त्यानं तोंड फिरवून रस्त्याकडं पाहिलं, मला मोकळं बसता यावं म्हणून.

"दूध प्या," म्हणाला. "साय धरतीय."

*

शेठच्या ऑफिसात भिंतभर त्या अंतिम सामन्याचा फोटो लावलेला होता, वाकून उभा असलेला धनाजी. खाली खुर्चीत खरा धनाजी, इस्त्रीच्या शर्टात, शेजारी खोत सर. करार टेबलावर. शेठनी पेढे मागवून ठेवले होते.

"हं, मॅडम! आमचा हिरा कसा आहे?"

"उजवा गुडघा गेलाय," मी म्हणाले.

खोत सरांनी माझ्याकडे बघितलं. तो गुडघा रोज सकाळी आम्ही दोघं मिळून तपासत होतो. त्यात काही नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण ते बोलले नाहीत.

"गेलाय म्हणजे?"

"आतली गादी झिजलीये. खेळवणं धोक्याचं आहे."

शेठ थोडा वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. मग एकदम हसले. "एवढंच ना? मला वाटलं, काय सांगताय! अहो, गुडघा ही काय गोष्ट आहे? माझ्या मित्राचं हॉस्पिटल आहे, सोमवारी करून टाकू. चार महिन्यांत उभा राहील, हंगाम त्याच्यानंतर आहे. करार तसाच. आकडा तसाच."

ही गोष्ट आमच्या दोघांच्या ध्यानातच आली नव्हती.

मी धनाजीकडे पाहिलं. त्याचा चेहरा उघडला होता. दुसरा शब्द मला सापडत नाही. आता माझी लेक झोपेतून जागी होते आणि आपल्याकडे कुणी बघतंय हे तिला कळतं, तेव्हा तिचा होतो तसा. अंतिम सामना जिंकल्यावरही मी त्याला असा बघितला नव्हता.

"चालंल शेठ?" तो पुढं सरकून म्हणाला. "गुडघा असून बी चालंल?"

"अरे, मी तुझ्या शेवटच्या पाच मिनिटांचे पैसे देतोय. बाकीची पस्तीस मिनिटं तू लंगडलास तरी मला काय?"

"आन् त्या ऑपरेशनला..." तो अडखळला. "काय काय लागतंय?"

"तुला काय लागणार? सगळं मी बघतो. रक्त तपासतील, छातीचा एक फोटो काढतील, भूल देतील. जागा झालास की पेढे खा."

धनाजी माझ्याकडे वळला. मी काहीच केलं नाही, मानसुद्धा हलवली नाही. त्याला त्याची गरजही नव्हती. हळूहळू तो खुर्चीत मागं टेकला.

"ऑपरेशन नको, शेठ."

"घाबरतोस?"

"व्हय म्हणा."

"अरे, म्हाताऱ्या बायका करून घेतात!"

"नको म्हटलं न्हवं."

खोत सर खाकरले. "शेठ, मी एक बोलू? नसंल खेळायचं तर नसू द्या. पोरांवर ठेवा त्याला. ती छोटी चढाई याच्याशिवाय कुणाला शिकवता यायची नाही."

"सर, शिकवणारे मला दहा मिळतील." शेठनी भिंतीकडं बोट केलं. "पोस्टरवर हा आहे. तिकिटं याच्या नावावर जाणार. मला हा मैदानात पाहिजे." मग त्यांनी डोळे बारीक केले आणि धनाजीकडं झुकून आवाज खाली आणला. "खरं सांग. दुसऱ्या कुठल्या संघाचा फोन आलाय? गुडघ्याचं नाटक आकडा वाढवायला आहे का?"

मी तोंड उघडलं. धनाजीनं माझ्याकडे न बघताच मांडीवरचा हात थोडा वर उचलला, मैदानात तो जोडीदाराला थांबवायचा तसा.

"व्हय," तो म्हणाला. "वाढवायचाय."

"किती?"

"दुप्पट."

"धन्या!" खोत सर उठलेच.

"दुप्पट पायजे. आन् ऑपरेशन करणार न्हाई. पटत आसंल तर बघा."

शेठचा चेहरा तांबडालाल झाला. ते ओरडले नाहीत; ओरडले असते तर बरं झालं असतं. "दोन सामने," ते म्हणाले. "दोनच सामने जिंकून दिलेस तू मला. बाकी हंगामभर बाकावर बसून फुकट गिळत होतास. तरी मी खुळ्यासारखा घर द्यावं तेवढे पैसे द्यायला निघालो होतो. लोक मला सांगत होते, शेठ, दोन दिवसांच्या खेळावर एवढे ओतू नका, नशिबाचा भाग असतो तो. मी म्हटलं, नाही, हा माणूस वेगळा आहे." त्यांनी करार उचलून खणात टाकला. "ऊठ."

धनाजी उठला. जाताना वाकून नमस्कार करायची त्याची सवय होती. तो वाकला. शेठनी खुर्ची फिरवली.

जिन्याच्या वळणावर सरांनी त्याला गाठलं. मी मागून कठड्याला धरून उतरत होते.

"दुप्पट? कुठल्या तोंडानं मागितलंस रे? तुला काय झालंय?"

"म्याडमनी सांगितलं की. गुडघा."

"गुडघा मी रोज बघतो, धन्या."

"मग आता बघू नका, सर."

एवढं बोलायलाही त्याला थांबावं लागलं. दोन्ही हात कठड्यावर टेकून तो वाकून उभा राहिला, अगदी त्या फोटोतल्यासारखा. सर त्याच्या पाठीकडं बघत होते, ती कशी वरखाली होतेय ते. त्यांचा हात उचलला गेला. शेवटची पाच मिनिटं उरली की त्याच्या पाठीवर थाप मारायला उचलायचे तसा. तो तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि आमच्याआधी जिना उतरून गेले.

दोन दिवसांनी पेपरात आलं. दुप्पट रकमेचा हट्ट, विजयवीर संघाबाहेर. खेळाडूंच्या ग्रुपवर त्याच्या नावानं विनोद सुरू झाले. दोन चढाया मारल्या आणि बाबा हवेत गेले. त्याच्याकडून नाडी बांधायला शिकलेल्या एका पोरानं लिहिलं, पैशापुढं आई-बाप पण दिसत नाहीत लोकांना. मी ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. शब्द दिला होता.

*

माझी लेक झाली त्याला महिना होत आला होता. दुपारची वेळ, ती नुकतीच दूध पिऊन उठली होती. फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"म्याडम? मी."

आवाज आधी ओळखताच आला नाही. प्रत्येक शब्दामागे थोडी जागा सुटत होती.

"धनाजी! कुठून बोलतोयस? बरा आहेस?"

"जेवणाची सुट्टी हाय. सरांनी सांगितलं, पोरगी झाली." थांबला. "तुम्ही बोला. मी ऐकतो. मला लई... बोलवत न्हाई आता."

म्हणून मी बोलत राहिले. तिचं नाक माझ्यासारखं आहे, बोटं लांब आहेत, आंघोळ घालताना पाटावर पाय झाडते, रात्री जागते आणि दिवसा झोपते. माझी आई तिला शेंगदाणा म्हणते. मी काहीही सांगत होते. थांबले तर त्याला विचारावं लागलं असतं. पलीकडून 'हं' यायचं, कधी नुसता श्वास.

"रडती का?" त्यानं विचारलं.

"रडते की. चाळ उठवते."

"ऐकवा."

ती तेव्हा रडत नव्हती. मी फोन तिच्याजवळ धरला आणि एका हातानं तिच्या तोंडातलं बोट काढून घेतलं. अन्याय झाल्यासारखं तिनं माझ्याकडे बघितलं, ओठ काढला, आणि मग सुरू झाली. एका सुरात, न तुटता, लालबुंद होऊन, आता श्वास घेईल मग घेईल असं वाटेपर्यंत.

मी फोन कानाला लावला.

"दम चांगला हाय पोरीचा," तो म्हणाला.

मग खोकला आला. पलीकडे भोंगा झाला. कुणीतरी हाक मारली, "ए होडग्या, चल!" त्याला वाटलं असावं की त्यानं फोन बंद केला. खिशात सरकवल्याचा खरखर आवाज आला, पावलं आली, आणि मग ग्राइंडर सुरू झाला. लेकीला खांद्यावर घेऊन थोपटत मी तो ऐकत उभी राहिले.